वाटणी म्हणायचं नाही

भाऊ बोर्लीकर मला पहिल्यांदा भेटला तो विंगेत. आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम मुरूडला होता, प्रॉम्प्टर तापाने फणफणला होता आणि गावातल्या कुणीतरी तहसील कचेरीतला एक तरुण कारकून धरून आणला होता. "वाचायला बरा आहे," एवढीच त्याची शिफारस. त्या खेळात मी भरात येऊन दोन पानं गाळली आणि थेट पुढच्या भांडणावर उडी मारली. दुसरा कुणी असता तर पानं उलटत माझ्यामागे धावत आला असता. भाऊ जागचा हलला नाही. मी गाळलेलं वाक्य तो विंगेतून शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत राहिला, इतका वेळ की शेवटी मीच ओशाळून मागे आलो. अंक संपल्यावर मी त्याच्यावर डाफरलो. तो म्हणाला, "तुमचा क्रम चुकला होता. क्रम सोडून पुढे जाता येत नाही."

त्या वाक्यावर मी त्याच्याशी जन्माची मैत्री केली आणि त्याच वाक्याने म्हातारपणी त्याचा घात केला. जे झालं ते आठवलं की अजून तोंडात नासकी सुपारी आल्यासारखं होतं. थुंकायला जागा मिळत नाही, म्हणून लिहितो आहे.

भाऊची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. आधी मुरूड, मग म्हसळा, शेवटी माणगाव. आमच्या या किनाऱ्यावर माणसं मासळीवर, वाडीवर आणि आखातातल्या नोकऱ्यांवर जगतात आणि उरलेल्या वेळात जमिनीचे दावे लढतात. हरलेला माणूस भाऊच्या टेबलापाशी यायचा. भाऊ त्याला बसवायचा, पाणी द्यायचा आणि बोटांवर मोजून सांगायचा, "आधी तहसीलदार. मग प्रांत. मग कलेक्टर. तिथलं संपलं की डिव्हिजन." डिव्हिजन म्हणजे विभागीय आयुक्त. आमच्याकडे 'प्रकरण डिव्हिजनला गेलं' असं म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणतो. भाऊ पुढे बजावायचा, "खालचं अपील लोंबकळत ठेवून वर गेलास तर दारातून परत पाठवतील. क्रमाने जा." आणि ते खरंच असायचं. भाऊचं ऐकून गेलेला माणूस दारातून परत आला नाही.

निवृत्त झाल्यावर तो आगरदांड्याजवळच्या आपल्या वाडीत येऊन राहिला. आमची कंपनी मोडून तोवर बरीच वर्षं झाली होती. मी शेजारचं घर घेतलं ते त्याच्यासाठीच. संध्याकाळी त्याच्या ओटीवर बसायचं, त्याची बायको अनुसूया वहिनी चहा आणायच्या आणि मी जुन्या खेळांच्या गोष्टी सांगायच्या. भाऊ मध्येच म्हणायचा, "हे पुण्यात झालं, सांगलीत नाही." प्रॉम्प्टरची सवय जात नाही.

त्याच्या वाडीत नारळ थोडे, सुपारी जास्त. सुपारी वाळली की सोलायची. असोली सुपारी, म्हणजे सालीसकट असलेली, पात्यावर दाबून फाडायची. पातं घसरलं तर अंगठा जातो. नाही घसरलं पण खोल गेलं तर आतल्या सुपारीवर जखम होते आणि जखमी सुपारी बघून व्यापारी नाक मुरडतो. एका हंगामात वहिनींच्या अंगठ्यावर पातं हाडापर्यंत गेलं. भाऊने तो अंगठा धरून दवाखाना गाठला आणि दुसऱ्या दिवसापासून कागदावर चित्रं काढायला बसला. त्याने एक भोकांचा ढोल काढला. ढोल फिरला की लहानमोठी सुपारी वेगळी होऊन पडावी. तिथवर त्याची अक्कल पोचली. सोलणं काही त्याला जमेना.

जमवलं ते फकरुद्दीनने. आगरदांड्याच्या जेट्टीजवळ त्याचं वर्कशॉप आहे. लाँचची इंजिनं, फेरीबोटीचे पंप, गावातले मिक्सर, सगळं त्याच्याकडे येतं. तरुणपणी तो कुवेतला एका कारखान्यात होता. तिथे त्याने यंत्रांत किती सुधारणा केल्या ते तो कधी सांगत नसे. बायको, जैबुन्निसा, सांगायची. "ह्यांनी करायचं आणि तिथल्या साहेबानं स्वतःच्या नावाची पाटी लावायची. एकदा तर ह्यांच्याच हातांनी ती पाटी ठोकून घेतली." फकरुद्दीन मान खाली घालून हसायचा.

त्याने भाऊच्या ढोलाखाली एक पातळ पोलादी पट्टी बसवली, मागे स्प्रिंग. पट्टी सालीत शिरायची, आतल्या टणक सुपारीला टेकली की आपोआप मागे सरायची आणि साल घेऊन यायची. मी आणि भाऊ बघत उभे होतो.

"हे काय केलंस?" भाऊने विचारलं.

"जीभ हाय, भाऊ. पातं कापतं. ही नुसती चाटते."

दारातून जैबुन्निसा म्हणाली, "एक तुमच्या तोंडात पण बसवून घ्या. लागलं की मागं येईल."

त्या दिवशी आम्ही चौघं म्हातारी माणसं सुपारीच्या सालींच्या ढिगात बसून वेड्यासारखी हसलो. पहिल्या खेळाच्या रात्री पडदा पडल्यावर कंपनी जशी हसते, तसं. असं हसू मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

भाऊच्या बहिणीची मुलगी आश्लेषा मुंबईत पेटंटचं काम करणारी वकील. ती रविवारी आली, यंत्र बघितलं आणि ओटीवर बसून म्हणाली, "मामा, यात शोध दोन आहेत. ढोल वेगळा, जीभ वेगळी. अर्ज दोन करू या. एकात घातलं तर उद्या कार्यालय म्हणेल, वाटणी करा, आणि मग..."

"थांब," भाऊ म्हणाला.

त्याचा चेहरा मी ओळखला. या घराची वाटणी झाली होती. भाऊच्या धाकट्या भावाने आपला हिस्सा विकला आणि कुंपणापलीकडे आता रिसॉर्ट आहे. शनिवारी तिथे रात्रभर ढणढण गाणी चालतात आणि सकाळी बाटल्या या बाजूला पडलेल्या असतात. तो भाऊ पुन्हा कधी या ओटीवर आला नाही.

"तो शब्द या ओटीवर काढायचा नाही," भाऊ म्हणाला. "एक यंत्र, एक अर्ज, दोघांची नावं. फकरूचं आणि माझं. मध्ये रेघ नको."

आश्लेषा शहाणी मुलगी. मामाचा शब्द तिने लहानपणापासून झेललेला. "नाही काढणार, मामा," ती म्हणाली.

तिने तो शब्द पाळला. पाळायला नको होता.

अर्ज गेला. फकरुद्दीनने दोह्याला असलेल्या मुलाला, नबीलला, फोन करून सांगितलं, "तुझ्या बापाचं नाव सरकारदरबारी लागतंय. पाटी नाय, नाव." बाकी त्याला काही नको होतं. यंत्र कोण किती विकतो, याबद्दल मी त्याच्या तोंडून चकार शब्द ऐकला नाही.

पेटंट कार्यालयातून आक्षेप आले, आश्लेषाने उत्तरं दिली, पुन्हा आक्षेप आले. शेवटी अर्ज नामंजूर झाला. कारण असं की ढोल नवा नाही, असा ढोल पूर्वी कुणी तरी केलेला आहे. शिवाय एका अर्जात दोन शोध कोंबले आहेत. जिभेला कुणी जुनी म्हटलं नव्हतं. ढोलाच्या पोटात असल्यामुळे ती त्याच्याबरोबर बुडाली होती.

आश्लेषाने हायकोर्टात अपील केलं आणि त्याच आठवड्यात तिचा फोन आला. भाऊने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, कारण त्याला कमी ऐकू येतं आणि मला सगळंच ऐकायचं असतं.

"मामा, अपील पेंडिंग आहे तोवरच डिव्हिजनल फाइल करून ठेवू. नंतर प्रॉब्लेम येईल."

भाऊ माझ्याकडे बघून हसला. "अगं पोरी, अपील चालू असताना डिव्हिजनला कोण जातं? दारातून परत पाठवतील. आधी हे संपू दे."

"नाही मामा, इथे प्रोसिजर वेगळी आहे."

"प्रोसिजर मला शिकवतेस? माझे केस त्यात पांढरे झाले."

ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी हो म्हटल्याशिवाय मी टाकू शकत नाही. विचार करा. पण लवकर."

"कळवतो," भाऊ म्हणाला आणि फोन ठेवून मला समजावू लागला की हल्लीच्या मुलांना शिडी चढायची नसते, लिफ्ट हवी असते. मी मान डोलावली. मला त्यातलं काय कळतं? मला इतकंच ठाऊक की भाऊने सांगितलेलं वाक्य आजवर चुकलेलं नव्हतं.

मग अल्पेश आला.

अल्पेश माणगावचाच. पंप, मळणीयंत्रं, गवत कापायची यंत्रं असं मोठं दुकान आहे त्याचं. धंदा सुरतेला मामाकडे शिकला, म्हणून बोलण्यात गुजराती घोळवतो. पूर्वी तो एकदा फकरुद्दीनच्या वर्कशॉपात येऊन यंत्र चालताना बघून गेला होता. आता आला तो पेढे घेऊन. फेरीबोटीतल्या उन्हात पेढे सुटून एकमेकांना चिकटले होते आणि खोक्याच्या पुठ्ठ्याला तूप फुटलं होतं. त्याने स्वतःच्या बोटांनी एक ओढून काढला आणि भाऊच्या हातावर ठेवला. ती बोटं त्याने नंतर ओटीच्या खांबाला पुसली. रंगभूमीवर मी खूप खलनायक पाहिले, दोन-चार केलेही. ते सगळे मिशा पिळायचे. एकानेही खांबाला बोटं पुसली नव्हती.

"भाऊकाका," तो म्हणाला, "हायकोर्टमां केटलां वर्ष जाशे? तुमचा नंबर लागेपर्यंत आपण दोघंही वर पोचलेले असू."

"मग काय करू म्हणतोस?"

"अपील पाछुं खेंचा, मागे घ्या. मग डिव्हिजनल करा ने. रस्ता मोकळा. हे तर तुमच्याच लाइनमधलं आहे, मी नानो माणूस काय सांगणार?"

भाऊ खूश झाला. निदान या दुकानदाराला तरी क्रम कळतो, असं त्याला वाटलं. अल्पेश गेल्यावर वहिनींनी आतून विचारलं, "त्याला कशाला एवढी घाई?"

"त्याला यंत्र विकायचंय. आपला निकाल लवकर लागला तर त्याचं बरंच आहे."

"मला तो पेढा काही गिळवला नाही बाई," वहिनी म्हणाल्या आणि उरलेले पेढे त्यांनी गोठ्यातल्या गुरांपुढे टाकले. गुरांनी खाल्ले. गुरांना वास येत नाही अशातला भाग नाही, पण साखर त्यांनाही भुलवते.

अपील मागे घ्यायला दोघांच्या सह्या लागणार होत्या. भाऊ वर्कशॉपात गेला. फकरुद्दीन एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. त्याने हात चिंधीला पुसले.

"कुठं करू?"

"वाच तरी."

"तुम्ही वाचलंय नव्हं? मग झालं."

आश्लेषाचा फोन आला. "मामा, नक्की ना? कुणाशी काही तडजोड ठरली आहे का?"

"ठरलंय आमचं. पुढचं मी बघतो," भाऊ म्हणाला. त्याला 'पुढचं' म्हणजे डिव्हिजन अभिप्रेत होतं. ती समजली, कुणाशी तरी तडजोडीची बोलणी झाली असतील. मोठ्या माणसाला खोदून विचारायचं नाही, हे आपल्या घरांतलं वळण. अपील मागे गेलं.

आणि एका सकाळी भाऊ धुतलेला शर्ट घालून, बगलेत पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "चल अण्णा, बेलापूरला. डिव्हिजनला." मीही उत्साहाने निघालो. एसटीत त्याने मला कोणत्या मजल्यावर कोण बसतो ते सगळं सांगितलं. इतका तरतरीत भाऊ मी फार दिवसांनी पाहत होतो.

खिडकीवरचा कारकून तरुण होता, सभ्य होता. त्याने भाऊचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुपारी कुठल्या गटातली, आजोबा? गट नंबर सांगा."

"जमिनीचं नाही हे. पेटंटचं आहे."

"सुपारीचं पेटंट?" त्याने शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी म्हणाला, "शेतकी खात्यात विचारा ना." मागच्या रांगेतला कुणी तरी म्हणाला, "आजोबांना विड्याचं पण पेटंट कात-चुन्यासकट काढून द्या." रांग हसली. मला त्या हसण्याचा संताप आला. मी आयुष्यभर लोकांना हसवलं, पण माणूस उघडा पडला म्हणून हसणारं पब्लिक मला कधी आवडलं नाही.

भाऊ बाजूला झाला आणि जिन्याच्या कठड्याला टेकून त्याने आश्लेषाला फोन लावला.

"मामा, कुठून बोलताय?"

"डिव्हिजनमधून. इथे कुणाला काही माहीत नाही. तू म्हणालीस ते डिव्हिजनल इथे कोणाकडे द्यायचं?"

फोन मोठ्या आवाजावरच होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "मामा, डिव्हिजनल म्हणजे आयुक्तांकडे नाही. डिव्हिजनल म्हणजे वाटणी. एका अर्जातून दुसरा अर्ज वेगळा काढायचा. जीभ ढोलापासून वेगळी काढायची होती."

"मग वाटणी म्हणायला काय झालं होतं तुला?"

"तुम्हीच म्हणाला होता, मामा. तो शब्द काढायचा नाही."

भाऊ कठड्यावर बसला. जिन्यावरून माणसं फायली घेऊन वरखाली करत होती. तो म्हणाला, "बरं. मग आता कर. अपील तर काढलंय, वाट मोकळी आहे. आता वाटणी कर."

"आता नाही होत. पहिला अर्ज ही आई समजा. ती जिवंत असेपर्यंतच तिच्यातून वाटणी मागता येते. ती गेल्यावर कुणाकडे मागणार?"

"आमच्याकडे आईबाप गेल्यावरच वाटणी होते," भाऊ म्हणाला. तो वाद घालत नव्हता. कुणाला तरी पत्ता सांगावा तसं सांगत होता.

"इथे उलटं आहे, मामा. अर्ज नामंजूर झाला तेव्हा आई गेल्यात जमा होती. पण अपील चालू होतं तोवर श्वास होता, असं म्हणायला जागा होती. सगळे तसं मानत नाहीत. काही म्हणतात नामंजुरीलाच सगळं संपलं. म्हणून तर मी म्हणत होते, टाकून ठेवू आणि भांडू. अपील जिंकलो असतो तर नामंजुरी पुसली गेली असती, आई उठून बसली असती आणि तिच्याबरोबर लेकरूही टिकलं असतं. हरलो असतो तर दोन्ही गेली असती. पण ते कोर्टाने ठरवलं असतं. आपण अपील काढून घेतलं आणि..."

"आणि ऑक्सिजनची नळी मीच काढली," भाऊ म्हणाला.

परत येताना तो खिडकीशी बसला. मी दोनदा काही तरी बोलायला गेलो. पण समोरच्या माणसाची वाक्यंच संपली असली की रंगभूमीवरही काही करता येत नाही.

फकरुद्दीनला त्याने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. अल्पेशचं, डिव्हिजनचं, वाटणीचं. स्वतःची बाजू सावरली नाही, आश्लेषावर ढकललं नाही. जैबुन्निसा दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

"म्हंजे जीभ आता कुणाची?" फकरुद्दीनने विचारलं.

"कुणाचीच नाही. अर्जात सगळं छापून आलंय. ज्याला करायची त्याने करावी."

"मी केली तर चालंल?"

"हो."

"ती तर मी करतच होतो की." तो इंजिनाकडे वळला आणि पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता. जैबुन्निसा पुढे आली, तिने तो पाना त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "नबीलला मी सांगते."

आता राहिलं ते सांगतो, कारण खरी घाण पुढेच आहे.

माणगावात अल्पेशने सुपारी बागायतदारांचा मेळावा भरवला. प्रमुख पाहुणा मी. माझा चेहरा अजून चार म्हाताऱ्यांना आठवतो, त्याचा असा उपयोग होतो. कसला मेळावा ते नीट न विचारता मी हो म्हणून बसलो होतो. आदल्या दिवशी कळलं तेव्हा नकार कळवायला निघालो, तर भाऊ म्हणाला, "नको. जा तू. मी पण येतो." आम्ही आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो. अल्पेशची गाडी उभी होती, आत एसी आणि गाडीभर अत्तराचा वास. घाटात मी काच खाली केली.

हॉल भरलेला. रंगमंचावर झेंडूची माळ घातलेलं यंत्र. ढोल नव्हता, त्याच्या जागी सपाट चाळणी होती. खाली फकरुद्दीनची जीभ, मागे स्प्रिंग. अल्पेशने बटण दाबलं. सुपाऱ्या नागड्या होऊन टपटप पडू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी हे माझं अन्न होतं, ताटातलं पहिलं वाढण. त्या दिवशी मी हात मांडीवरच ठेवले. अल्पेश माइकवर सांगत होता की आमच्या संशोधन विभागाने रात्रीचा दिवस केला. संशोधन विभाग. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याने मला प्रेमाने नमस्कार केला.

तेवढ्यात विंगेतून भाऊ आला. ज्या माणसाने उभ्या जन्मात विंगेची रेघ ओलांडली नाही, तो लाइटमध्ये येऊन उभा राहिला आणि माइकपाशी वाकला.

"ही जीभ," तो म्हणाला, "आगरदांड्याचे फकरुद्दीन यांनी केली आहे. यांच्या संशोधन विभागाने केलेली नाही. माझ्या चुकीमुळे ती मोकळी झाली. अपील चालू होतं तोवर मला वाटणी करून घ्यायची होती, ती मी केली नाही आणि अपील काढून घेतलं. हे अल्पेशला माहीत होतं. त्यानेच मला काढायला सांगितलं."

मागच्या रांगेतली माणसं उठून बघू लागली. मला वाटलं, आता. आता याचं सोंग गळून पडेल. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

अल्पेशने भाऊच्या खांद्यावर हात टाकला. "खरी बात छे," तो माइकमध्ये म्हणाला. "काका बोलले ते शंभर टक्के खरं. मी तर काकांचाच शब्द बोललो होतो, डिव्हिजनल करा. करायला मी थोडी नको म्हटलं? वकिलाने मला समजावलेलं, काकांना त्यांच्या वकिलाने. अरे, जेणे बनाव्युं एनुं नाम तो लेवुं ज जोईए, ज्याने केलं त्याचं नाव घ्यायलाच पाहिजे. फकरुद्दीनचाचांसाठी एक जोरदार टाळी."

आणि लोकांनी वाजवली. मघापेक्षा जोरात. भाऊ त्या टाळ्यांत उभा होता, खांद्यावर तो हात. ओटीवर पेढा ओढणारी तीच बोटं. त्याने खांदा हलवला तरी हात निघाला नाही.

महिन्याभरात म्हसळ्यापासून श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक यंत्रावर रंगीत स्टिकर लागलं. 'अस्सल फकरुद्दीन जीभ'. खाली अल्पेशच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर. यंत्र चांगलं खपतं असं ऐकतो. बागायतदारांना जिभेची गोष्ट आवडते. भाऊने लाइटमध्ये येऊन सांगितलेलं खरं, अल्पेशने जाहिरातीला लावलं.

एक स्टिकर कुणी तरी वर्कशॉपात आणून दाखवलं. भाऊ आणि मी तिथेच होतो. भाऊने खिशातून चावी काढली आणि तिच्या टोकाने तो कागद खरवडायला लागला.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," फकरुद्दीन म्हणाला. "नाव लागलं माझं. कुवेतच्या साहेबानं स्वतःचं तरी लावलं होतं. ह्यानं माझंच लावून माझं ऱ्हाऊ दिलं न्हाय. आता धुतलं तरी जायचं न्हाय ते."

मग तो उठला आणि कोपऱ्यातलं पहिलं यंत्र पुढे ओढलं, आमचं, ज्याच्याभोवती बसून आम्ही हसलो होतो. पाना घेतला. ढोल आणि जीभ ज्या बोल्टांनी जोडलेले होते ते एकेक करून सोडवू लागला.

"हे काय करतोस?" भाऊने विचारलं.

"आई गेली म्हणालात नव्हं? तुमच्याकडं आई गेल्यावर करतात. करून घेऊ."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. भाऊ खाली बसला आणि त्याने दुसऱ्या बाजूने बोल्ट धरून ठेवला, फिरू नये म्हणून. एक बोल्ट गंजला होता, त्याला तेल सोडावं लागलं. दोघं तो सुटेपर्यंत एकमेकांकडे न बघता बसून राहिले. जीभ निघाली ती फकरुद्दीनने चिंधीत गुंडाळून फळीवर ठेवली. ढोल आम्ही दोघांनी हातगाडीवर घालून भाऊच्या ओटीवर आणला.

वहिनींनी विचारलं, "हा का आणलात?"

"वाटणी झाली," भाऊ म्हणाला. त्या ओटीवर तो शब्द बऱ्याच वर्षांनी उच्चारला गेला.

ढोल अजून तिथेच आहे. आता फकरुद्दीन ओटीवर येत नाही. भाऊ जेट्टीवर जातो, पण वर्कशॉपात शिरत नाही, फेरीबोट सुटेपर्यंत उभा राहून परत येतो. जमिनीच्या दाव्याचं विचारायला अजून एखादा येतो, तेव्हा भाऊ त्याला बसवतो, पाणी देतो आणि म्हणतो, "दुसऱ्या कुणाला विचार रे." तो माणूस माझ्याकडे बघतो. मी ढोलाकडे बघतो.

अल्पेशचा परवा फोन आला होता. श्रीवर्धनला दुसरा मेळावा आहे, अण्णा, पाहुणे तुम्हीच, आणि या वेळी फकरुद्दीनचाचांना पण स्टेजवर घेऊ, शाल देऊ. मी फोन ठेवला, मागल्या दारी गेलो आणि चूळ भरली.